वसुधाचा फिल्टर

बंगलोर, १२ फेब्रुवारी १९९९

प्रिय समाधानदादा,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? एवढंच तिला वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं.

आबा रेडिओचं बटण फिरवून स्टेशन बदलतात ना, आम्ही इथं प्रयोगशाळेत ते काम केसाहून बारीक धातूच्या पुलाकडून करून घेतो. वीज दिली की पूल वाकतो आणि फिल्टर, म्हणजे हवी तेवढीच लहर गाळून घेणारा भाग, दुसऱ्या लहरीला वाट देतो. माझे सगळे पूल धुऊन वाळवताना तळाला चिकटले. माझ्या शेजारी बसणाऱ्या वसुधाचा उभा राहिला. तिचे वडील इंजिनिअर, आजोबाही. दिल्लीच्या परिषदेला सर आता तिलाच पाठवणार.

तपासायला मात्र तिनं मला बसवलं. म्हणाली, "तुझा हात थरथरत नाही." दादा, तिचाही पूल चिकटावा असं मला मनापासून वाटत होतं. मी वीज वाढवली, आणि पडद्यावरची रेघ सरकली, म्हणजे फिल्टरनं लहर बदलली. "हलली, हलली" म्हणत मीच तिला मिठी मारली. मग ती तिकीट काढायला गेली आणि मी पुन्हा जळत बसले.

तू म्हणशील, "लोकाचं बघून जळतीस व्हय गं?" व्हय, जळते.

आईनं विचारलं तर सांग, फिल्टर चालला. कुणाचा, ते सांगू नकोस.

तुझीच,
करुणा