चंद्राला दाखवलेलं बोट

१२ सप्टेंबर

चंद्र कान कापत नाही, तर पेइ-शानच्या कानामागे एका रात्रीत चीर आली कुठून? मला माहीत नाही. घरातली पहिली पदवी माझी, तीही विज्ञानाची — आणि उत्तर नाही!

काल दुपारी शाळेच्या पटांगणातून वर्गातल्या सहाही मुलांना अर्धा चंद्र दाखवला. "डाग कुठेत? बोट करा!" पाच बोटं वर. पेइ-शानचे हात पाठीमागे. "बाई, बोट दाखवलं की चंद्र रात्री येऊन कान कापतो." लहानपणी मलाही हेच सांगायचे. मी हसले. सगळ्यांसमोर! मुलंही हसली. मग तिनं कसंबसं बोट उचललं.

आज तिच्या आजीनं, आ-मानं, फाटकातूनच सुनावलं, "तुझे कान शाबूत आहेत ना? झालं तर! आमची पोर नाही यायची आता तुझ्या चंद्राला."

१३ सप्टेंबर

आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, "उकाडा, घाम, खाजवणं. दुसरं काय!" चिठ्ठी लिहून घेतली, पळतच आ-माकडे गेले.

"मला वाचता येत नाही," आ-मा म्हणाली. "आणि घाम काय पोरीला परवाच पहिल्यांदा आला?"

चिठ्ठी घेऊन परत.

१४ सप्टेंबर

आज चंद्रावरच्या खळग्यांचा प्रयोग, प्रत्येकाला एक परात. समुद्राकाठच्या दमट हवेत पिठाचे गोळे होतात. म्हणून आईनं कोंबड्यांसाठी कुटलेली कालवांच्या शिंपल्यांची पूड पळवली. वर कोकोचा पातळ थर. उल्का म्हणून लोंगनच्या बिया — त्या बाबांनी फळं खाऊन खाऊन जमवल्या!

"चार वर्षं कॉलेज, आणि शिकलीस काय, तर बिया टाकायला," बाबा.

"आता माझ्या कोंबड्या अंड्यांऐवजी चंद्र घालतील," आई.

धप्प! मधे खळगा, भोवती वर आलेला काठ, कोकोवर चहूकडे पांढरे फराटे. खुर्चीवर चढून बी टाकली तर खळगा आणखी मोठा. यु-चेनच्या तर भुवयाही पांढऱ्या!

सहावी परात तशीच राहिली. पेइ-शान कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती. मी हाक मारली. दोन्ही कान झाकून पळाली.

१५ सप्टेंबर

भीती तिची आधीपासूनची. हसू माझं.

१६ सप्टेंबर

उद्या मध्य-शरदाची पौर्णिमा, चंद्राचा सण. संध्याकाळी पालकांसमोर प्रयोग. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पाच मुलं पुष्कळ झाली." पुष्कळ कशी? वर्गात सहा आहेत.

आईला विचारलं, चंद्राला बोट दाखवलं तर करायचं काय?

"तीनदा हात जोडून माफी मागायची. तू रोज मागायचीस. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट!"

१७ सप्टेंबर

पालक शाळेत जमले तेव्हा मी आ-माच्या अंगणात होते. सहावी परात घेऊन. पेइ-शान दारात. चंद्र नुकताच वर आला होता. त्याच्याकडे तोंड करून तीनदा हात जोडले आणि म्हटलं, "पेइ-शान, मी हसले. चुकलं माझं."

"माफी चंद्राची मागायची असते," आ-मा म्हणाली.

"ठाऊक आहे, आ-मा."

परात पायरीवर ठेवली. पेइ-शानच्या हातात बी दिली. टाक म्हणाले नाही.