येऊ द्या, येऊ द्या

एस्किपुलास, ११ जानेवारी १९६६

चि. रोसौरास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पोचलो. हा शब्द आधी लिहितो, कारण पत्र उघडल्यावर तू तोच शोधणार. एकटा पोचलो, धडधाकट पोचलो, आणि बसही बरोबर होती.

हे पत्र एलिसेओला मोठ्याने वाचून दाखव. नोव्हेंबरात मी भलत्याच गावी जाऊन पडलो, तेव्हापासून तुझा हा नवरा शेजाऱ्यांना माझी ओळख 'आमचे हरवणारे सासरे' अशी करून देतो. तीस वर्षं कंडक्टर होतो मी. ती हिरवी-पिवळी बस जन्मभर आपल्या सांता लुसिलाला जायची. कंपनीने ती दुसऱ्या मार्गावर घातली आणि रंग तोच ठेवला, यात माझा काय दोष? मी बरोबर बसमध्ये बसलो होतो, बस चुकीच्या गावाला गेली. पण तू ऐकतेस कुठे. घराला कुलूप घातलंस, किल्ली गळ्यात अडकवलीस आणि मला सान साल्वादोरला तुमच्या मागच्या खोलीत आणून बसवलंस. खोली चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या आईने लावलेलं अव्होकाडोचं झाड तिथे नाही, आणि सकाळी उठून कुणाला हाक मारावी तर कोंबड्यासुद्धा नाहीत.

तेव्हा आपला करार विसरू नकोस. मी काळ्या ख्रिस्ताच्या यात्रेला एकट्याने जायचं, सरहद्द एकट्याने ओलांडायची आणि अठरा तारखेला जेवणवेळेच्या आत तुझ्या दारात उभं राहायचं. जमलं तर किल्ली माझी. नाही जमलं तर मरेपर्यंत तुमची मागची खोली, आणि तीही तोंड न फुगवता. मला मरेपर्यंत शेजारचा रेडिओ ऐकायचा नाही.

आता इथली हकीकत. सरहद्दीवरच्या शिपायाने माझा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि सोबत कोण आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, काळा ख्रिस्त आहे, पुढे गेलाय. त्याने हसून शिक्का मारला. उतरलोय दोमितिलाबाई नावाच्या विधवेकडे. बाई सढळ आहे, पण तिन्ही त्रिकाळ काळा घेवडा वाढते. मी आपल्याकडच्या लाल घेवड्याची चौकशी केली, तर म्हणाली, ज्यांना काळा परवडत नाही ते लाल खातात. आपल्या सगळ्या देशाचा अपमान केला तिने एका वाक्यात. मी दोनदा मागून घेतला, कारण रांधला फार छान होता.

काल गावाबाहेर, दोन व्याही पापामुळे दगड झाले म्हणतात त्या शिळेपाशी जाऊन आलो. एकावर एक अशा त्या दोन दगडांपुढे लोक कोंबडी सोडतात, धूप जाळतात. तुझी आई दर वर्षी तिथे खडा ठेवायची, या वर्षी मी दोन ठेवले. थोडा रडलो. ऊन छान होतं, म्हणून तसाच बसून राहिलो.

डोळ्यांचं म्हणशील तर समोरचं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, पण कान अजून कामाला येतात. बरं, एक जाडा इसम राखी टोपी घालून मी जाईन तिथे असतो. खिसेकापू असावा. पैसे मी मोज्यात ठेवलेत.

मुलांना पापे. तुझ्या आईविना राहिलेल्या या म्हाताऱ्यावर माया आहेच, तिच्यात किल्लीपुरती भर घाल.

तुझा बाबा,
निकानोर


सान साल्वादोर, १३ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
रोसौराचा सा. न. वि. वि.

पत्र यात्रेच्या बसवाल्याने कालच आणून दिलं. तुम्हाला आजवर नुसतं मायन्यात तीर्थरूप म्हणत आले, आता खरोखरच तीर्थावर बसून पत्रं लिहिताय. एलिसेओला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, अजून परतीचा अर्धा प्रवास बाकी आहे. मी त्याला दूध आणायला पिटाळलं.

करार मी विसरलेली नाही. पण तुम्हीही हे लक्षात घ्या की मी किल्ली हौसेने गळ्यात घातलेली नाही. तुम्ही सापडत नव्हता त्या दिवशी मी तीन स्टँड पालथे घातले. प्रत्येक बाकावर झोपलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावरची टोपी उचलून पाहिली. दोघांनी मला शिव्या दिल्या, एकाने लग्नाचं विचारलं. तुम्हाला तो किस्सा विनोदी वाटतो, मला अजून तसा वाटत नाही. आई गेली तेव्हा तुम्ही होतात. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघू?

म्हणून सांगते ते ऐका. त्या दगडांपाशी तुम्ही स्वेटर काढून तासभर बसलात हे काही बरं केलं नाही. जानेवारीतला वारा आहे. आणि बाजारात ती नारळाची मिठाई एका बैठकीत अर्धा डबा खायची काय गरज होती? तुमच्या पोटाला ती सोसत नाही.

सणाच्या दिवशी, पंधरा तारखेला, देवळात शिरू नका. आदल्या दिवशी दर्शन घ्या. त्या गर्दीत धडधाकट माणसं चेंगरतात.

मुलं आजोबांच्या टोपीला, सगळे यात्रेकरू लावतात तशी, पिवळी फळं आणि रंगीत शेवाळ लावून आणायला सांगताहेत. माझं काही मागणं नाही. अठराच्या आत या, एवढीच तुमच्या लेकीवर कृपा असू द्या.

तुमची
रोसौरा


एस्किपुलास, १६ जानेवारी

चि. रोसौरास,
बाबांचे आशीर्वाद, आणि एक प्रश्न.

मी स्वेटर काढला हे तुला कुणी सांगितलं? मी पत्रात खडे लिहिले, ऊन लिहिलं, रडणंसुद्धा लिहिलं. स्वेटर लिहिला नाही. मिठाई तर मुळीच लिहिली नाही, कारण तू ओरडशील हे मला ठाऊक होतं. तुझं पत्र दोमितिलाबाईने मला दोनदा वाचून दाखवलं आणि दुसऱ्यांदा ती स्वतःच म्हणाली, काका, तुमच्यावर पाळत आहे.

खिसेकापू नव्हता तो. आता पुढचं नीट बसून वाच.

तू नको म्हणालीस म्हणून पंधरालाच देवळात गेलो. पहाटेपासून रांगेत होतो. पुढे डोंगरातली माणसं, मेणबत्त्या घेऊन गुडघ्यांवर सरकत होती, त्यांच्या भाषेत गात आणि रडत होती. कोपालच्या धुपाच्या धुराने जीव गुदमरला होता. तेवढ्यात मागे कुणी शिंकलं. एक, दोन, तीन, आणि थोडं थांबून चौथी, लहानशी. रोसौरा, पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या लग्नात तू पाद्र्यासमोर 'हो' म्हणालीस ते मला ऐकू आलं नव्हतं, कारण एलिसेओचा चुलतभाऊ आबुंदिओ नेमका तेव्हा असाच शिंकला होता. मी वळून बघितलं नाही. ख्रिस्ताच्या पायांवर डोकं ठेवलं, तुझ्यासाठी मागायचं ते मागितलं, आणि सगळ्यांसारखा देवाकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी निघालो.

बाजूच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मी पाय चाचपत उतरलो. माझ्या पाठोपाठ आबुंदिओ आला. तो विमा विकणारा माणूस, उलटं चालायची सवय कुठून असणार? पहिल्याच पायरीला बिचकला आणि दारात बुचासारखा अडकला. आतून लोक उलटे येतच होते. कुणालाच मागचं दिसत नव्हतं आणि देवाला पाठ दाखवायला कुणी तयार नव्हतं. एक बाई खाली बसली. मुलं किंचाळायला लागली. आबुंदिओचा श्वास घरघरत होता, तो मला एवढ्या जवळून ऐकू येत होता.

मला काही सुचलं असं नाही. हात आपोआप वर गेला. तीस वर्षं, ड्रायव्हर गाडी मागे घेताना, तिच्या मागे उभा राहून दुसरं काय केलं मी? दाराच्या फळीवर थाप मारली, एकच, जशी गाडी थांबवायला मारतात तशी, आणि ओरडलो: "थांबा तिथेच. आता येऊ द्या, येऊ द्या... टोपीवाले, डावा पाय, पायरी आहे. येऊ द्या. बस. उजवीकडे घ्या. मागची आजी, येऊ द्या."

आणि आले की ग सगळे. आबुंदिओ उतरला, मागून आजी उतरली, खाली बसलेल्या बाईला तिच्या मुलीने हाताला धरून उतरवलं. डोंगरातल्या माणसांना माझी भाषा कळत नव्हती, पण आवाज चढला की थांबायचं आणि उतरला की यायचं हे त्यांना दोन पायऱ्यांत कळलं. दार मोकळं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग एक तरुण पाद्री धावत आला. त्याने मला नाव, गाव, वय विचारलं आणि एक स्टूल आणून दिलं. म्हणाला, काका, जमेल तेवढा वेळ थांबाल का. संध्याकाळपर्यंत थांबलो. किती हजार माणसं मी काल देवळातून मागे काढली, देव जाणे. एकालाही खड्ड्यात घातलं नाही. डोळ्यांची गरजच पडली नाही.

आबुंदिओची सहलीची बस तोवर सुटून गेली होती. हुंदके देत त्याने सगळं कबूल केलं: तूच त्याला पाठवलंस, रोज बसवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवायला सांगितलंस. मी रागावलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. रात्रीच्या जेवणापर्यंत चांगलाच रागावलेला होतो. मग तो घेवडा लाल का नाही म्हणून दोमितिलाबाईशी भांडायला लागला, आणि माझा राग गेला.

उद्या त्याला घेऊन निघतो. करारात मी एकट्याने यावं असं होतं, ते मोडतंय. पण तुझा राखणदार इथे टाकून कसा येऊ?

तुझ्यावरची माया राग धरूनही कमी होत नाही, तुझीही तशीच असो.

बाबा


सान साल्वादोर, २२ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
रोसौराचा सा. न. वि. वि.

किल्ली तुमच्या हातात दिली. एलिसेओ, मुलं, आबुंदिओ, सगळे बघत होते, म्हणून मी जेवण वाढायला उठले. तेव्हा सांगायचं होतं ते आता लिहिते.

सतरा तारखेला तुम्ही दारात उभे राहिलात, एक दिवस आधी, टोपीभर पिवळी फळं लावून, आणि तुमच्या मागे आबुंदिओ दोन्ही गाठोडी घेऊन. मी आधी त्यालाच झापणार होते. पण तो उंबऱ्यावरच सांगायला लागला. वाटेत सांता आनाच्या स्टँडवर तो धावत जाऊन भलत्याच बसमध्ये चढला होता आणि तुम्ही त्याला दंडाला धरून खाली उतरवलंत. का चढलास म्हणून विचारलं तर म्हणतो, रंग तोच होता. एलिसेओने तेव्हापासून तुम्हाला हरवणारे सासरे म्हटलेलं नाही. काल शेजाऱ्यांना सांगत होता, आमच्या सासऱ्यांना एस्किपुलासच्या पाद्र्याने स्टूल दिलं.

तुम्ही मात्र त्या रात्री तुमच्या पद्धतीने कबूल केलंत की नोव्हेंबरात चढण्याआधी विचारायला हवं होतं, आणि आता विचारता. ते ऐकलं आणि किल्लीची दोरी मी गळ्यातून काढली. पाळत ठेवली ती माझी चूक झाली, बाबा. तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही. मलाच भीती वाटत होती, आणि ती मी तुमच्या नावावर घातली.

मार्चमध्ये डॉक्टरला डोळे दाखवायला तुम्ही स्वतःच्या घरून येणार, हे तुम्ही कबूल केलंय आणि आबुंदिओ त्याला साक्षीदार आहे. मागची खोली तोवर मुलांनी ताब्यात घेतली आहे. ईस्टरच्या पवित्र आठवड्यात आम्ही सगळे तुमच्याकडे येतो. कोंबड्या घेऊन ठेवा.

एक सांगायचं राहिलं. काल स्टँडवर तुम्ही बसमध्ये बसलात, खिडकीतून हात केलात, आणि कंडक्टरने थाप मारली. मला पाठ फिरवून निघवेना. बस दिसत होती तोवर मी तुमच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी फाटकाकडे चालत राहिले, आणि संत्रीवालीच्या टोपलीवर जाऊन आदळले. सगळी संत्री रस्त्यावर. ती कडाडली, बाई, मागे बघून चालता येत नाही का?

मी म्हटलं, मला मागून सांगणारा माणूस आत्ताच त्या बसने घरी गेला.

लोभ असू द्या, आणि कधी आम्हीच चुकीच्या बसमध्ये चढलो तर दंडाला धरून उतरवा.

तुमची
रोसौरा