जगातल्या पुरुषांना चार-पाच वर्षं वाढवून दिल्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत असतील, पण चालवत असतील असं धरून लिहितो. मी ठणठणीत आहे. (दर पत्रात लिहितो, म्हणून याही पत्रात.)

आमच्या छापखान्यात वार्षिकाचं काम चालू आहे. परवा तपासायला माझ्याकडे एक तक्ता आला : देशोदेशींचे पुरुष आणि बायका सरासरी किती वर्षं जगतात. पहिल्या ओळीत बायका तीन वर्षांनी पुढे, दुसरीत पाच, एका थंड देशात तर दहा. पान उलटलं, तिथंही तेच. चाळीस वर्षं प्रुफं वाचलेल्या माणसाच्या लगेच लक्षात आलं, की जुळणी करणाऱ्यानं मथळे उलटे टाकलेत. ताई, कंबर दुखते, डोकं दुखतं, दम लागतो, हे घरात कोण म्हणतं? आम्ही कधी हूं तरी करतो का? मी लाल पेन्सिलीनं मथळ्यांची अदलाबदल केली, सही ठोकली आणि जगातल्या तमाम पुरुषांना बसल्या जागी चार-पाच वर्षं वाढवून दिली.

तीनशे प्रती निघाल्यावर मालकीणबाईंनी यंत्र थांबवलं. (मालक असते तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं, पण ते सहा वर्षांपूर्वीच गेले.) ‘सगळं जग चुकलं आणि तुम्ही एकटे बरोबर?’ असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. घरी मला हे रोज ऐकावं लागतं, त्यामुळे फारसं लागलं नाही. लागलं ते नंतर. खाली मान घालून तक्ता पुन्हा वाचताना मी आपली ओळ शोधली. पुरुष : एकोणसत्तर. मला अडुसष्टावं चालू आहे. ताई, मी घाबरलो.

तेव्हा ठरवलं, की आता हिच्यासारखं जगायचं. ही रोज शेजारणीशी जिन्यात उभी राहून दुखणीखुपणी बोलते, म्हणून मीही खालच्या शिंप्याकडे जाऊन बसलो. म्हटलं, हल्ली छातीत जरा जड वाटतं. तो म्हणाला, हवाच जड आहे. मग आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसलो. ही मैत्रिणींना फोन करते, म्हणून मीही एका जुन्या मित्राला केला. वहिनींनी उचलला. तो चार महिन्यांपूर्वीच गेला होता, आणि त्याला काय होत होतं ते त्यांनाही शेवटच्या दिवशी कळलं. (वहिनींचा आवाज मात्र खणखणीत होता.)

शेवटी दवाखाना गाठला. बाकांवर अकरा बायका आणि दोन पुरुष, तेही आपापल्या बायकोनं धरून आणलेले. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, काय होतंय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, काही होत नाही, डॉक्टरांच्या नावाचे कागद छापायचे आहेत का, एवढंच विचारायला आलो. पाचशे कागदांचं काम घेऊन परत आलो.

बाकी सगळं क्षेम. हल्ली जिना चढताना मधे थांबून सूचनाफलक वाचतो. राहतो त्या इमारतीत काय चाललंय ते माणसाला माहीत असावं. भावोजींना जाऊन अकरा वर्षं झाली, तू मात्र अजून तीन जिने चढतेस, हे परवापासून मनातून जात नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. : ते छातीचं शिंप्याला गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. तीन आठवडे झाले. तू हिला फोन करून, मला डॉक्टरकडे ने म्हणून सांगशील का? तुझ्या मनात आपणहून आलं असं दाखव. माझं नाव काढू नकोस.

आणखी एक ता.क. (अक्षर माझं आहे) : वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. टाकी धुण्याची एकच जुनी नोटीस माणूस रोज पाच मिनिटं वाचायला लागला, की त्याला वाचनाची आवड लागलेली नसते, एवढं मला कळतं. तक्त्यात बायकांना जी जास्तीची वर्षं दिली आहेत, ती मला एकटीला नको आहेत. उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे. माझी कंबर दुखते असं सांगितलंय. मला सोबत म्हणून येताहेत.