ग्वाल्हेर ते कोल्हापूर, पावणेदोन तास

अण्णा, "गाडीची वेळ गोड करून सांगायची नसते," असं तुम्ही मला एकदा इथल्या ग्वाल्हेर स्टेशनात म्हणाला होतात. मी अकरा वर्षांची. तुमच्या चौकशीच्या खिडकीशी तुमचा डबा घेऊन उभी आहे, आणि झाशीला लेकीकडे निघालेली एक म्हातारी मला विचारते, "गाड़ी कब आएगी, बिटिया?" मी म्हणते, "बस, आती ही होगी." तुम्ही खिडकीतून वाकून तिला सांगता, "चार घंटे लेट है, अम्मा. घर हो आओ." ती गाठोडं उचलून बाहेर पडाव चौकाकडे चालू लागते. मग तुम्ही माझ्याकडे वळता, तेवढं एक वाक्य बोलता आणि डबा उघडता.

आई परवा कोल्हापूरला चालली आहे, दादाकडे राहायला. दिवाळीत ती न्हाणीघरात पडली, तेव्हापासून तिला एकटं ठेवता येत नाही. बाडा चौकातल्या माझ्या बँकेतून मी दुपारी घरी येते, तिला उठवते, बसवते, परत जाते. दादा कधीपासून बोलावतोय, पण ती ऐकत नव्हती. गेल्या महिन्यात अचानक म्हणाली, "किती लांब आहे गं ते?" मी फोनवर दोन्ही विमानतळांची नावं घातली आणि आलं ते वाचून दाखवलं. सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटर, विमानानं पावणेदोन तास. "बस?" आई हसली. "एवढ्यात तर आपला ऑटो फूलबागेच्या जॅममधून निघत नाही, बेटा. मग मी चैत्रगौरीला येईन. हळदीकुंकू इथंच करायचं, बायकांना सांगून ठेव." आणि लगेच दादाला फोन लावून हो म्हणाली.

फोनवरचं ते पान कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर काढून देतं, मध्ये विमान उडत असो वा नसो. इथून तिथं थेट विमान नाही. मुंबईला उतरायचं, थांबायचं, दुसरं पकडायचं. सगळा दिवस जातो. व्हीलचेअरवरून तिला एकदा नेता येईल, दर सणाला नाही. दादानं तिकिटं काढल्यावर विचारलं, "आईला समजावलंस ना नीट?" मी हो म्हटलं.

बॅगेत तिनं चारच साड्या घेतल्यात. गौरीचा पितळी पाळणा, तुम्ही गेल्यापासून जपलेल्या तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला. "तो कशाला न्यायचा? बसवायला मीच तर येणार आहे." मी होकारार्थी मान हलवली. आज तिच्या साड्यांना इस्त्री केली, औषधांच्या पट्ट्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काहीच आलं नाही.

एक सांगायचं राहिलं. थेट विमान नाही, हे त्या पानावर आकड्याच्या खालच्याच ओळीत लिहिलेलं होतं. मी ते आधी वाचलं होतं. मग मोठ्यानं वाचताना वरच्या ओळीशी थांबले. मी थकले होते, अण्णा.

उद्या ती परतीच्या तिकिटाचं विचारेल. परवा विमानात बसेपर्यंत मला गप्प राहू द्या. तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते.