पाइप किती इंची धरायचा

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज सकाळपासून जिवाला चैन नाही आणि विचारायला दुसरं कुणी नाही. माझी नात इंजिनिअर आहे. कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता पाइपानं दूर नेऊन जमिनीत खोल गाडायचाय. तो पाइप किती इंची हवा आणि खर्च किती येईल, हे तिनं आज संध्याकाळी साहेबांपुढं ठेवायचंय. आकडा फार मोठा निघाला तर काम बारगळणार, पाइप लहान धरला तर उद्या लोकांची तीच शेतं पुन्हा खणायची. काल मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्मभर पाइप टाकले. तुम्ही काय केलं असतं?"

मला तुमच्या हाताखाली काम करतानाचा तो दुष्काळातला दिवस आठवला. शहराच्या कडेची नवी वसाहत, घरं मोजकी, बाकी नुसते प्लॉटच्या हद्दीचे दगड. बायका टँकरमागं धावताहेत आणि तुम्ही उन्हात दगड मोजताय. मी घरं मोजून आलो तर माझ्यावर खेकसता, "घरां नक्को गिन रे, पत्थर गिन. कल इधर बी लोगां रहेंगे." ठेकेदार हसतो, "उस्ताद, दगडांना पाणी पाजता काय?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या नातवंडांना पाजतो." मोठाच पाइप टाकलात, आणि वसाहत भरली तेव्हा तोच पुरला.

हेच मी नातीला सांगितलं. आज एक कारखाना आहे, उद्याचेही धर. ती म्हणाली, "आजोबा, हे पाणी नाही. हा वायू दाबून दाबून द्रवासारखा करतात. पाइप रुंद घेतला की पोलादही जाड लागतं, खर्च लई चढतो. बारीक घेतला तर वाटेत दाब कमी होतो, मग मधे पंप बसवा, त्यांची वीज कायमची." मला निम्मंच कळलं. तरी म्हणत राहिलो, मोठाच धर.

दुपारी तिचा फोन आला. मोठा धरलाय म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. "तुमच्या उस्तादांचा अंदाज कधी चुकला होता का हो?" मी लगेच म्हणालो, "कधीच नाही." पडेगावच्या रस्त्याला तुम्ही टाकलेली लाइन मला तिनं विचारताक्षणीच आठवली होती. तिथं वर्षानुवर्षं कुणी राहायला आलं नाही, रुंद पाइपात पाणी साचून नासलं आणि होती ती घरं पुन्हा टँकरवर गेली. संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे. फोन समोर ठेवून मी तुम्हालाच लिहीत बसलोय, कारण तिला खरं सांगायचं तर तुमच्या नावाला कमीपणा येतो, आणि घरात माझा मान आहे तो तुमच्या नावावरच.