नमुन्यातले गेणभाऊ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून धंद्यात शिस्त. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नमुना तयार केला. अख्ख्या पेठ गावात असं डिझाइन कुणाकडं नाही. मधला चेहरा फेसबुकवर सापडला : पांढरी टोपी, शांत हसू. माणूस वारलेलाच वाटतो. भोवती हार घातला, वर 'नमुना' लिहिलं, खाली बारीक अक्षरांत 'सौजन्य : इंटरनेट'. कायद्याचं काम झालं.

४ नोव्हेंबर
नमुना दुकानाच्या दारात लावला. फ्लेक्सवाल्यांच्या ग्रुपवरही टाकला. वर लिहिलं, 'कुणीही वापरा.' आपलं मन मोठं आहे.

६ नोव्हेंबर, दुपारी
फोटोतला माणूस दुकानासमोर उभा. तीच टोपी.
गेणभाऊ नाव, शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. इथलेच. मला पेठमध्ये येऊन वर्ष नाही झालं, कसं ओळखणार? त्यांनी सगळा फ्लेक्स वाचला. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून स्वतःकडं बघत राहिले. मी उगीच प्रिंटर पुसत होतो.
उद्या उठल्याबरोबर नमुना काढायचा.

७ नोव्हेंबर
काढला नाही. तोच बघून गिऱ्हाईक आलं. शिवाय जिवंत माणूस मेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे मी भलंच करतोय. गेणभाऊ आजही टपरीवर. कुणीतरी त्यांनाच विचारलं म्हणे, दहावा कधी आहे.

९ नोव्हेंबर
त्यांची नात अश्विनी आली. पुण्यात फोटोग्राफी शिकते. फोटो तिनं काढलेला. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. तिचं म्हणणं, फोटोवर हक्क काढणाऱ्याचा आणि चेहरा आजोबांचा. फेसबुकवर टाकला तो लोकांनी बघावा म्हणून, उचलावा म्हणून नाही. मी सौजन्याची ओळ दाखवली.
ती म्हणाली, "ही परवानगी नव्हे. परवानगी आधी मागायची असते."
जे माझं नव्हतंच ते 'कुणीही वापरा' म्हणून मी कसं वाटलं, असंही विचारलं. मुद्दा बरोबर. पण वयानं लहान आहे.
नमुना उतरवला. विषय संपला.

१२ नोव्हेंबर
कळंबच्या एका फ्लेक्सवाल्यानं माझं डिझाइन जसंच्या तसं दुकानावर लावलंय. गेणभाऊंसकट. मला न विचारता! लोकांना कॉपीराइट म्हणजे काय हेच माहीत नाही. रागानं कोपऱ्यात © आणि 'सुभाष आर्ट्स' घालून डिझाइन पुन्हा ग्रुपवर टाकलं. आता कुणाची हात लावायची हिंमत होणार नाही.

१५ नोव्हेंबर
हिंमत झाली. कुणीतरी 'नमुना' हा शब्द कापून फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरवला. माझं नाव तेवढं शाबूत.
लोणीला गेणभाऊंची थोरली बहीण आहे, ठकूबाई. शेजारणीनं मोबाइल दाखवला. म्हातारीला वाचता येत नाही. तिनं भाऊ ओळखला आणि हार ओळखला. अंगणातच कोसळली. मंचरला दवाखान्यात आहे.
मी फोटो फक्त ग्रुपवर टाकला होता. लोणीला मी पाठवला नाही.

१६ नोव्हेंबर
गेणभाऊ दवाखान्यात गेले. आता गैरसमज मिटेल, म्हणून मी सकाळपासून निवांत.
टपरीवाला सांगत होता. त्यांनी बहिणीचा हात धरला, "आक्के, मी हाये" म्हणाले. तिनं डोळे उघडले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मला न्यायला आलास व्हय?"
रात्री मला जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर
ठकूबाई गेल्या.
माणुसकी म्हणून ठरवलं, फ्लेक्स आपल्याकडून. त्यांच्या भाच्याच्या स्टेटसवर सुंदर फोटो होता. तो घेऊन डिझाइन केलं, ह्या वेळी © घातलं नाही. लोणीला जाऊन गेणभाऊंना दाखवलं. पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले.
"तिचा फोटू लावू नका, भाऊ. तिला इचारायचं ऱ्हाऊन गेलं."
अश्विनी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी चालू करताना दोनदा किल्ली खाली पडली. लोणीकडं थंडी जास्त असते.

१९ नोव्हेंबर
दोन्ही फाइली डिलीट केल्या. ग्रुपवर लिहिलं, 'गेणभाऊंचा फोटो कृपया कुणीही वापरू नये. ते हयात आहेत.'
बऱ्याच जणांनी 'ओके'चा अंगठा टाकला. मग कळंबवाल्यानं विचारलं, एखाद्या म्हातारीचा फोटो आहे का, बायकांचे नमुने कमी पडतात.