नसलेल्याचं पान

३ ऑक्टो.
बारावीच्या सहामाहीचे पेपर. तेहतीस तपासले, कंबर मोडली. प्र. ४: कादंबरीच्या नायकाला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईचे स्वभावविशेष लिहा. सगळ्यांचं एकच, गाइडातलं. प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, 'मालकाच्या मुलाला पोटच्या मुलासारखे मानणारी'. बरोबरच्या खुणा करत गेले. प्रश्न मीच काढलेला. दुसरा काढता आला असता, तरी.

उंबरमाळीच्या एका मुलीनं शेवटी एक ओळ जास्त लिहिली. 'या बाईला स्वतःची मुले असतील तर ती कोणी सांभाळली, हे लेखकाने सांगितलेले नाही.' लाल पेनानं खोडली. बाजूला लिहिलं, अवांतर. हात जोरात चालला. कागद फाटला.

४ ऑक्टो.
शहापूरहून घरी यायला सात वाजले. एसटी नाहीच, जीपनं आले. आई ओटीवर नवे तांदूळ निवडत बसलेली. मी चप्पल काढतेय तोवर म्हणाली, निखिलला फोन लागतो का बघ.

नि. म्हणजे ठाण्याचा. सहा महिन्यांचा होता तेव्हापासून आईनं त्याला बारा वर्षं सांभाळला, त्यांच्याच घरी राहून. ती तिकडे गेली तेव्हा मी तीन वर्षांची. मला आत्यानं वाढवलं. महिन्यातून एका रविवारी आई यायची आणि तेव्हाही त्याच्याच गोष्टी. तो वरण कसा खातो, तो कुत्र्याला कसा घाबरतो. मी कशाला घाबरते ते तिला अजून माहीत नाही.

फोन लागत नाही म्हणून सांगितलं. लावलाच नव्हता.

६ ऑक्टो.
पेपर वाटले. उंबरमाळीची उभी राहिली. "मॅडम, अवांतर म्हंजे चुकीचा का?" मी म्हटलं, विचारलं तेवढंच लिहायचं. बसली. तासानंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, तिची आई कल्याणला कुणाचं तरी बाळ सांभाळते.
मार्क वाढवले नाहीत. का, ते

७ ऑक्टो., पुनव
आज घरात नवं. नव्या तांदळाचा पहिला भात. आमच्याकडे या दिवशी घरातलं जे माणूस परगावी असेल त्याचंही पान मांडतात आणि घरात जो सगळ्यात लहान, त्यानं ते संपवायचं. म्हणजे ते माणूस तिकडे उपाशी राहत नाही. आईचं पान दरवर्षी माझ्या वाट्याला. माझं जेवून झालं की ते. नको म्हटलं की आत्या म्हणायची, टाकलंस तर आय उपाशी ऱ्हाईल. रडत रडत खायचे, पण शीत ठेवायचे नाही.

आत्या गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आज आईनं पानं मांडली तीन. विचारलं, तिसरं कुणाचं?
"निखिलचा."
इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. विचारलं, तिकडे कधी माझं पान मांडलंस?
आई भात वाढायची थांबली. "परक्याच्या घरात पान कसा मांडू गो?" मग म्हणाली, "तू आत्याकडं जेवतेस ह्ये ठाव व्हता मला. तो माज्याबिगर जेवायचा नाय."
त्याला आई होती, बाप होता, म्हटलं. मला राग आला होता आणि अजून आहे.
ती आपलं जेवली, ओटीवर जाऊन बसली.

चार वाजले. पान माझ्यासमोर आहे. भात, वालाचं बिरडं, खीर. खिरीवर साय धरली. आई दोनदा दारातून डोकावून गेली, खा म्हणाली नाही.
घरात सगळ्यात लहान मीच. मी नाही खाल्लं तर तो तिकडे उपाशी राहील, असं तिला खरंच वाटतं.